सारसुएला: गाणी जगभर गेली, नाटक मागे राहिलं

प्रश्न असा आहे: इटालियन ऑपेरा, व्हिएन्नाचा ऑपरेटा, न्यूयॉर्कची म्युझिकल्स ही नावं बहुतेकांना ठाऊक असतात. मग जवळपास पन्नास कोटी लोकांची मातृभाषा असलेल्या स्पॅनिशमध्ये संगीत रंगभूमी झालीच नाही का? झाली असेल तर तिचं नाव कानावर का येत नाही? आणि ऐकायचीच झाली तर सुरुवात कुठून करावी?

झाली, आणि भरपूर झाली. तिला सारसुएला म्हणतात. माद्रिदमध्ये तोच शब्द ‘थारथुएला’ असा ऐकू येईल. मी गायकांना पियानोवर साथ करते, त्यांच्याकडून भूमिका बसवून घेते, आणि त्यातली बरीच वर्षं माद्रिदच्या तालमीच्या खोल्यांत गेली. त्यामुळे हे उत्तर इतिहासकाराचं नाही, तालमीत जे हाती लागतं त्यावरून लिहिलेलं आहे.

सारसुएला तुमच्या कानांवरून कधी गेलीच नाही, असं मात्र नसणार. ‘एल कोंदोर पासा’ ही धून घ्या. १९७० साली सायमन आणि गारफंकल यांनी ती जगभर पोचवली आणि तेव्हापासून लोक तिला अँडीज पर्वतातलं कुणा अनामिकाचं लोकगीत समजतात. ती दानिएल आलोमिया रोब्लेस या पेरूच्या संगीतकाराची आहे. त्याच नावाच्या एका सारसुएलासाठी त्यांनी ती रचली आणि डिसेंबर १९१३ मध्ये लिमाच्या रंगमंचावर ती पहिल्यांदा वाजली. नाटक आहे खाणकामगारांचं: परदेशी मालकांची मुजोरी, मजुरांची घुसमट, शेवटी उसळलेला संताप. धून सगळ्या जगाने गुणगुणली, पण तिच्यामागे एक खाण आहे हे कितीजणांना माहीत असतं?

दुसरं उदाहरण ७ जुलै १९९० चं. रोममधल्या काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांत तीन टेनर (पुरुषी आवाजातली वरची पट्टी) गायकांची ती गाजलेली मैफल झाली. तिच्यात प्लासिदो दोमिंगो यांनी ‘नो पुएदे सेर’ गायलं. ते पद पाब्लो सोरोसाबाल यांच्या १९३६ च्या ‘ला ताबेर्नेरा देल पुएर्तो’ या सारसुएलातलं. बंदरावर गुत्ता चालवणाऱ्या तरुण बाईवर एका खलाशाचं मन जडलंय. गावात तिच्याबद्दल भलतंसलतं बोललं जातं, चोरट्या कोकेनचं प्रकरण मध्ये आहे, आणि हा स्वतःलाच बजावतोय की ती अशी असणं शक्य नाही. रोममध्ये टाळ्या पडल्या त्या वरच्या स्वराला. त्या बाईचं पुढे काय झालं हे विचारायला कुणी थांबलं नाही. दोमिंगो यांना अर्थात ते घरातूनच ठाऊक होतं. त्यांचे आईवडील दोघेही सारसुएलाचे गायक-नट, मेक्सिकोत स्वतःची कंपनी चालवणारे, आणि मुलाची पहिली रंगभूमी तीच.

या दोन उदाहरणांत माझं म्हणणं जवळपास येऊन गेलं. सारसुएलाचं संगीत हलकं म्हणून तिची उपेक्षा झाली, हे मला पटत नाही. गाणी उचलली गेली आणि ज्या बोलण्यातून ती उगवत होती ते बोलणं टाकून दिलं गेलं, घात तिथे झाला. मराठी वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. नाट्यगीतांच्या मैफलीत ‘वाहवा’ म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते पद त्याच्या आधीच्या प्रवेशासकट, नाटकात ऐकलेलं असतं?

तर सारसुएला म्हणजे बोलणं आणि गाणं आलटूनपालटून चालणारं नाटक. सुरुवात सतराव्या शतकात राजदरबारी झाली. माद्रिदबाहेरच्या ज्या शिकारवाड्यावर चौथा फेलिपे राजा करमणुकीचे खेळ करवून घेई, त्या वाड्याचंच नाव या प्रकाराला चिकटलं. काल्देरोन दे ला बार्का यांच्यासारखा पहिल्या प्रतीचा नाटककार १६५७ च्या सुमारास यासाठी लिहीत होता. देवदेवता, जलपऱ्या, यंत्रांवर वरखाली होणारे ढग असा तो सगळा थाट. पुढे अठराव्या शतकात दरबाराला इटालियन ऑपेराचं वेड लागलं आणि देशी प्रकार मागे पडला. हा भाग मी पटकन उरकते, कारण आज रंगमंचावर जी सारसुएला दिसते ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात पुन्हा जन्मलेली आहे.

त्या पुनर्जन्माचा खटपट्या माणूस म्हणजे फ्रान्सिस्को आसेन्हो बार्बिएरी. १८५१ मध्ये त्यांचं ‘हुगार कोन फुएगो’ हे तीन अंकी नाटक गाजलं. मग त्यांनी आणि गास्तांबिदे वगैरे सहकाऱ्यांनी एका बँकरचं भांडवल मिळवून माद्रिदच्या होवेयानोस रस्त्यावर स्वतःचं नाट्यगृहच बांधून घेतलं. १० ऑक्टोबर १८५६ ला, राणी दुसऱ्या इसाबेलच्या वाढदिवशी, ते उघडलं. तेआत्रो दे ला सारसुएला हे त्याचं नाव, आणि ते आजही चालू आहे. बार्बिएरी नुसते संगीतकार नव्हते. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश गीतांचं दरबारी हस्तलिखित शोधून, संपादित करून १८९० मध्ये छापणारे ते संशोधकही होते. त्यांच्या ‘एल बार्बेरियो दे लावापिएस’ (१८७४) मध्ये लावापिएस मोहल्ल्यातला न्हावी आणि शिवणकाम करणारी पालोमा एका राजकीय कटात अडकतात. संगीतात ‘सेगिदिया’, ‘होता’ असे देशी नाचांचे ठेके आहेत, पण बांधणी पक्क्या ऑपेरावाल्याची.

खरी गंमत मात्र त्यानंतर सुरू होते.

१८६७-६८ च्या सुमारास स्पेनमध्ये आर्थिक ओढग्रस्त होती आणि १८६८ मध्ये क्रांती होऊन राणीला देश सोडावा लागला. पूर्ण रात्रीच्या नाटकाचं तिकीट लोकांना परवडेना. तेव्हा काही नटांनी युक्ती काढली: नाटक तासाभराचं करायचं, एका संध्याकाळी चार खेळ लावायचे, आणि तिकीट प्रत्येक तासाचं वेगळं. या ‘तासाच्या नाटकांतून’ जो प्रकार उभा राहिला त्याला हेनेरो चिको म्हणतात, म्हणजे लहान आकाराची सारसुएला. तिचं मुख्य ठाणं होतं आल्काला रस्त्यावरचं तेआत्रो आपोलो. तिथला रात्रीचा चौथा खेळ म्हणजे सगळ्या माद्रिदची जत्रा: सरदार, दलाल, लेखक, खिसेकापू, सगळे हजर. १९२९ मध्ये ते थिएटर पाडलं आणि तिथे बँक आली.

एका तासात कथा सांगायची, म्हणजे पसारा नको. पात्रं ओळखीची हवीत, गल्ली ओळखीची हवी, पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षक आत आला पाहिजे. १८८६ च्या ‘ला ग्रान बिया’मध्ये तर रस्तेच पात्रं होऊन येतात. माद्रिदमध्ये नवा मोठा रस्ता काढायची घोषणा झाली होती, आणि ज्यांच्यावर कुदळ पडणार ते जुने रस्ते रंगमंचावर येऊन कुरकुर करतात. फेदेरिको चुएका आणि होआकिन बाल्वेर्दे यांचं संगीत. घरकाम करणारी मेनेहिल्दा मालकिणीच्या बाजारहाटीतून पैसे कसे मारायचे ते टँगोच्या ठेक्यावर सांगते, आणि तीन पाकीटमार पोलिसांची टिंगल करत ‘होता’ नाचाच्या ठेक्यावर गातात. हे पाकीटमार पुढे इटलीत पोचले. १८८८ मध्ये तोरिनोत नित्शे या तत्त्वज्ञाने हा खेळ पाहिला आणि मित्राला पत्रातून त्याचं तोंडभरून कौतुक कळवलं. प्रत्यक्ष रस्त्याचं काम सुरू व्हायला १९१० साल उजाडलं. नाटक आधी आणि रस्ता चोवीस वर्षांनी, हा क्रम आपल्याकडच्या नगरपालिकांनाही परका वाटू नये.

पण एकच हेनेरो चिको दाखवायची झाली तर मी ‘ला बेर्बेना दे ला पालोमा’ दाखवेन. १७ फेब्रुवारी १८९४ ला आपोलोत तिचा पहिला प्रयोग झाला. शब्द रिकार्दो दे ला बेगा यांचे, संगीत तोमास ब्रेतोन यांचं. आधी हे काम रुपेर्तो चापी या संगीतकाराकडे जायचं होतं, पण त्यांचं थिएटरवाल्यांशी फाटलं. ब्रेतोन हे आयुष्यभर ‘स्पेनचा स्वतःचा गंभीर ऑपेरा झाला पाहिजे’ म्हणून भांडणारे गृहस्थ. त्यांचे ऑपेरे आज क्वचितच कुणी काढतं आणि हे तासाभराचं नाटक मात्र शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं.

प्रसंग असा: १५ ऑगस्ट, ला पालोमा या मेरीमातेच्या उत्सवाची रात्र, माद्रिदचा अंगाची लाही करणारा उकाडा. हुलियान हा छापखान्यातला जुळारी. त्याची सुसाना रागावून बसलीय आणि सुसानाला व तिच्या बहिणीला घेऊन जत्रेला मिरवायचं मनात धरलंय म्हाताऱ्या औषधवाल्याने, डॉन इलारियोनने. कथा एवढीच. आता पहिला संगीतप्रवेश पाहा. पडदा उघडतो तेव्हा डॉन इलारियोन आणि त्याचा मित्र दारात खुर्च्या टाकून गप्पा मारतायत: एरंडेल प्यायला आता पूर्वीसारखं वाईट लागत नाही, ते गोळ्यांतून देतात, विज्ञानाने हद्दच केली बुवा! हे ते गातात. पण गाताना चाल बोलण्यावर इतकी घट्ट बसलेली की दोन म्हातारे गप्पाच मारतायत असं वाटतं. पलीकडे पत्त्यांचा डाव रंगलाय, दारवान जोडपं आपल्या मुलाला खेळवतंय. आणि या सगळ्याच्या मधून हुलियान आपलं जळणं ओततो: गोरगरिबालाही काळीज असतं. ऑर्केस्ट्रा थांबत नाही, गप्पा थांबत नाहीत, कुणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. गायकाने हा तुकडा वेगळा काढून मैफलीत गायला की तो ठीकठाक प्रेमगीत वाटतो. एरंडेलाच्या शेजारी ठेवला की पोटात तुटतं.

पुढेही असंच. रात्रीच्या गस्तीचा सेरेनो आणि शिपाई राजकारणावर खडे फोडतात. कॅफेतून गायिकेची फ्लामेंको तान ऐकू येते आणि सगळी गल्ली तिला दाद देते. मग समोरासमोर भांडण. हुलियान विचारतो, मनिलाची शाल पांघरून कुठे निघालीस? ती म्हणते, मिरवायला, जत्रा बघायला, आणि मग घरी जाऊन झोपायला. हाबानेराच्या झुलत्या ठेक्यावर हा तंटा चढत जातो, बाकीचे त्यात ओढले जातात. ती मनिलाची शाल, रेशमावर भरगच्च भरतकामाची, खरं तर चीनच्या कँटनमध्ये तयार व्हायची आणि मनिलाच्या गलबतांतून मेक्सिकोमार्गे स्पेनला पोचायची. मुंबईच्या पारशी घरांतली गारा साडी त्याच कँटनच्या व्यापाराची. मुंबईचा वाचक ही शाल पाहील तर त्याला ते भरतकाम ओळखू येईल.

तालमीत अडचण सगळ्यांत जास्त कुठे येते, सांगते. गाण्यात नाही. स्वरलिपीत गाण्याच्या मधोमध ‘हाब्लादो’ असं छापलेलं असतं, म्हणजे इथे बोला. खाली ऑर्केस्ट्रा हळू वाजत असतो आणि नटाने त्यावर बोलत बोलत नेमक्या मात्रेला पुन्हा सुरात यायचं असतं. ऑपेराचं शिक्षण घेतलेले धडधाकट गळे इथे अडखळतात. गाताना त्यांचा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत पोचतो, बोलायला लागले की तिसऱ्या रांगेतच विरतो. हुलियानची भूमिका पहिल्यांदा केली ती एमिलियो मेसेहो या नटाने. तो आधी नट आणि मग गायक. चाल त्याच्या बोलण्याच्या पट्टीत बांधलेली आहे. म्हणून ती आज टेनरलाही जमते आणि खालच्या पट्टीच्या बॅरिटोनलाही, आणि दोघेही ती गरजेपेक्षा जास्त गातात. मी विद्यार्थ्यांना आधी सगळं पद नुसतं बोलायला लावते, माद्रिदच्या गल्लीतल्या हेलात. तो हेल आला की निम्मी चाल आपोआप येते.

या हेलाचीही एक मजा आहे. माद्रिदच्या नसानसांत भिनलेली ही कला रचणारे निम्मेअधिक लोक बाहेरगावचे. ब्रेतोन सालामांकाचे, चापी बिय्येनाचे, फेर्नांदेस काबाय्येरो मुर्सियाचे, पुढे बिबेस काताल्युन्याचे, सोरोसाबाल बास्क. अस्सल माद्रिदकर शोधायला गेलं तर बार्बिएरी, चुएका, मोरेनो तोरोबा एवढी मोजकी नावं हाती लागतात. परगावहून आलेल्या माणसाचा कान तिखट असतो, दुसरं काय.

हा प्रकार निव्वळ हसण्याखिदळण्याचा होता असं कुणी सांगितलं तर ‘हिगान्तेस इ काबेसुदोस’ ऐका. तारीख बघा: २९ नोव्हेंबर १८९८. क्यूबा, पोर्तो रिको, फिलिपिन्स हातचे गेले होते आणि पॅरिसच्या तहावर सह्या व्हायला जेमतेम दहाबारा दिवस उरले होते. नाटक घडतं एब्रो नदीकाठच्या सारागोसा शहरात. बाजारातल्या बायका कराविरुद्ध दंगा करतात. पिलार ही त्यांच्यातलीच. तिचा प्रियकर लढाईवर गेलाय. त्याचं पत्र आलंय आणि तिला वाचता येत नाही. पत्र हातात धरून ती गाते. मजकूर तिला कळत नाही, प्रेक्षकालाही नाही. गाणं आहे ते फक्त त्या न उघडणाऱ्या कागदाबद्दल. पुढे युद्धावरून परतलेल्या सैनिकांचं समूहगान आहे, एब्रो नदी दिसताच गायलेलं. त्या हिवाळ्यात खरे सैनिक, रोगाने खंगलेले, बंदरांवर उतरत होते. त्या प्रेक्षागृहातल्या किती घरांतलं कुणीतरी त्यांत असेल, याचा विचार केला की हे समूहगान मैफलीत ‘एक ठसकेबाज तुकडा’ म्हणून गायचा धीर होत नाही.

विसाव्या शतकात लांब नाटकं परतली. आमादेओ बिबेस यांची ‘डोन्या फ्रान्सिस्किता’ (१९२३), लोपे दे बेगाच्या जुन्या विनोदी नाटकावर बेतलेली, संगीताच्या कारागिरीत कुठल्याही ऑपरेटाच्या शेजारी ठेवावी अशी. पाब्लो लुना यांच्या १९१८ च्या ‘एल निन्यो हुदिओ’चं कथानक माद्रिदहून आलेप्पो आणि तिथून थेट हिंदुस्थानात येतं, राजाच्या दरबारात माद्रिदची पोरगी ‘मी स्पेनहून आले’ असं ठसक्यात गाते. हिंदुस्थान अर्थातच पुठ्ठ्याचा. तेच पद आज सोप्रानो गायिका मैफलीच्या शेवटी हमखास गातात आणि समोर राजा बसला होता हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं.

२६ मार्च १९३२ ही तारीख मला फार आवडते. त्या दिवशी माद्रिदच्या तेआत्रो काल्देरोनमध्ये मोरेनो तोरोबा यांची ‘लुइसा फेर्नांदा’ रंगमंचावर आली आणि त्याच दिवशी हवानाच्या तेआत्रो मार्तीत गोन्सालो रोइग यांची ‘सेसिलिया बाल्देस’. पहिलीत १८६८ च्या क्रांतीची पार्श्वभूमी आहे, आणि प्रेक्षक बसलेत वर्षही न झालेल्या नव्या प्रजासत्ताकात. छत्र्यांच्या मझुर्काला, म्हणजे त्या नाचाच्या ठेक्यावरच्या गाण्याला, सगळे माना डोलावतात, पण नाटकाचा जीव आहे बिदाल एर्नांदो या शेतकऱ्यात. लुइसाचं मन अजून दुसऱ्याकडे आहे हे कळल्यावर तो तिला सोडून देतो.

हवानाची गोष्ट याहून काळी. सिरिलो बिय्याबेर्दे यांच्या कादंबरीवरून घेतलेली सेसिलिया मिश्रवंशीय. ज्या गोऱ्या तरुणावर ती भाळते तो तिचा सावत्र भाऊ आहे हे तिला माहीत नाही. गुलामगिरीच्या काळातलं हवाना. स्पेनकडून आलेला साचा क्यूबाने घेतला आणि त्यात कोंत्रादान्सा, हाबानेरा, आफ्रिकन ढोलांचे ठेके भरले. स्पेनमध्ये शेवटी बहुधा लग्न ठरतं; क्यूबात बहुधा कुणीतरी मरतं. एर्नेस्तो लेकुओना यांची ‘मारिया ला ओ’ (१९३०) आणि रोद्रिगो प्रात्स यांची ‘आमालिया बातिस्ता’ (१९३६) याच घराण्यातल्या. मला विचाराल तर नायिकेच्या पहिल्या प्रवेशाचं पद रचण्यात क्यूबावाले माद्रिदच्या पुढे गेले.

मनिलात तर भाषाच बदलली. स्पॅनिश कंपन्या तिथे १८८० च्या आसपास खेळ करू लागल्या आणि वीसेक वर्षांत तागालोग, कापांपांगान अशा भाषांत ‘सारसुवेला’ उभी राहिली. सेवेरिनो रेयेस यांची ‘वालांग सुगात’ (१९०२) स्पॅनिश धर्मगुरूंच्या जुलमाविरुद्ध आहे: राज्यकर्त्यांनी आणलेला प्रकार त्यांच्यावरच उलटवलेला. तोवर सत्ता अमेरिकनांकडे गेली होती आणि राजद्रोहाच्या कायद्याखाली नाटककारांना अटका होत होत्या. ‘दालागांग बुकिद’ हे सारसुवेला इतकं लोकप्रिय झालं की १९१९ मध्ये फिलिपिन्सच्या पहिल्या कथाचित्रपटाला तेच घेतलं. चित्रपट मूक, नायिका आतांग दे ला रामा थिएटरात स्वतः येऊन गायची. (गोव्याच्या वाचकांना इथे तियात्र आठवेल. त्याचं मूळ वेगळं: १८९२ मध्ये मुंबईत झालेला पहिला तियात्र इटालियन संगीतिकेच्या प्रभावातून आला, सारसुएलातून नाही.)

मग एवढं सगळं असून ही कला दिसेनाशी का झाली? बोलपट आले, नाचगाण्यांचे रेव्ह्यू आले, १९३६ ला यादवी युद्ध पेटलं, ही कारणं उघड आहेत. पण मला तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने सारसुएलाला ‘जुनं निरागस स्पेन’ म्हणून मिरवलं. चावट ‘ला कोर्ते दे फाराओन’वर बंदी घातली, टोचणारी नाटकं बाजूला ठेवली आणि गोड गोड तेवढी वाजवली. त्यामुळे १९७५ नंतरच्या तरुण पिढीला सारसुएला म्हणजे आजोबांचा रेडिओ वाटू लागली. दोन, स्वरलिपी. एकोणिसाव्या शतकात प्रकाशकांनी हक्क आणि ऑर्केस्ट्राच्या प्रती मुठीत ठेवल्या होत्या. त्यालाच वैतागून चापी, सिनेसियो देल्गादो वगैरेंनी १८९९ मध्ये लेखक-संगीतकारांची स्वतःची संस्था काढली. तरी कित्येक दशकं ऑर्केस्ट्रासमोर हाताने उतरवलेल्या, खाडाखोडीच्या प्रतीच असायच्या. माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठाच्या संगीतशास्त्र संस्थेने १९८९ नंतर चिकित्सक आवृत्त्या काढायला घेतल्या तेव्हा कुठे परदेशी नाट्यगृहांना देता येईल असा कागद तयार झाला. तिसरं कारण बोलण्याचं. अर्धं नाटक गल्लीतल्या बोलीत. भाषांतर केलं तर कोटी मरते, ठेवलं तर परका प्रेक्षक बाहेर राहतो. त्यावर सोपा उपाय एकच दिसला: संवाद गाळा आणि पदं गा.

हीच कात्री ध्वनिमुद्रिकांवर चालली. १९५० च्या दशकात आताउल्फो आर्खेन्ता यांच्या संचालनाखाली झालेली ध्वनिमुद्रणं संगीत म्हणून आजही अव्वल आहेत. तेरेसा बेर्गान्सा, पिलार लोरेंगार यांच्यासारखे गळे त्यांत भेटतात. पण संवाद बहुतेक कापलेले. दोन पिढ्यांनी त्या तबकड्यांवरून सारसुएला शिकली आणि ती पदांची माळ आहे असं धरून चालली. ओपेरालिया या दोमिंगो यांच्या गायनस्पर्धेत सारसुएलासाठी वेगळं पारितोषिक आहे, ही चांगली गोष्ट. कोरियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतचे तरुण गायक त्यासाठी एखादी रोमान्सा, म्हणजे एकट्याने गायचं पद, बसवतात. पण एकच.

माद्रिदचं ते १८५६ चं नाट्यगृह मात्र टिकून आहे. २०१८ मध्ये सरकारने ते तेआत्रो रेआल या ऑपेरागृहात विलीन करायचा घाट घातला होता. कामगारांनी संप केले, प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, सरकार बदललं आणि बेत बारगळला.

आता सुरुवात कुठून करावी. तीन तासांचं नाटक घेऊन बसू नका. ‘ला बेर्बेना दे ला पालोमा’चा पूर्ण प्रयोग, उपशीर्षकांसह, संवाद न वगळता पाहा, सव्वा तासाच्या आत आटोपतो. तेआत्रो दे ला सारसुएला आपले काही प्रयोग यूट्यूबवर मोफत दाखवतं, ते शोधा. ते आवडलं तर ‘ला रेबोल्तोसा’, चापी यांची १८९७ ची. तिचा प्रेलुदिओ, म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत, एकदा ऐकला की चापी ऑर्केस्ट्राला किती ओळखून होते ते कळतं. मग ‘लुइसा फेर्नांदा’. चौथं सोरोसाबाल यांचं ‘ला देल मानोहो दे रोसास’ (१९३४): फुलवालीचं दुकान, समोर मोटारीचं गॅरेज, जुन्या नाचांच्या ठेक्यांशेजारी फॉक्सट्रॉट. तिथून हवानाला जा. ‘डोन्या फ्रान्सिस्किता’ मी जाणून मागे ठेवते. तिच्यातली नाजूक कारागिरी समजायला आधी गल्लीतला दंगा कानात बसलेला बरा.

आणि प्रश्न विचारणारे स्वतः गात असतील तर: ‘नो पुएदे सेर’ने सुरुवात करू नका. ते मोठ्या आवाजाचं काम आहे आणि सगळे तेच गातात. स्त्री आवाजासाठी पिलारचं पत्राचं पद घ्या, पुरुष आवाजासाठी हुलियानचं. दोन्हींच्या आधीचा संवाद पाठ करा आणि मैफलीतही तो बोला, मराठीतून बोललात तरी चालेल. साथीदाराला आधी सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही बोलत असताना तो पानं चाळत बसणार नाही.